कोंबडीचे पाय की मोठ्याचं

कोंबडीचे पाय सोलताना अण्णा जेवढे शांत असत तेवढे मी त्यांना दुसऱ्या कुठल्याही कामात पाहिलं नाही. पहाटे पाचला मोरीच्या कट्ट्यावर बसायचे, गरम पाण्याच्या पातेल्यातून एकेक पाय काढायचे, अंगठ्याने घोट्यापासून खाली ती पिवळी कातडी ओढायचे. मोजा काढावा तशी ती अख्खी निघाली पाहिजे. फाटली तर तोंडातल्या तोंडात शिवी. मग कात्रीने नखं, कच, कच. ती नखं मोरीच्या जाळीत अडकत आणि आई नंतर दिवसभर शिव्या घालत ती काढत बसे. आई या पायांना हात लावत नसे. आमच्या घरात मासळी रोज, मटण रविवारी, पण कोंबडीचे पाय म्हणजे कुत्र्याला घालायची वस्तू, असं तिचं मत. अण्णा स्वतःच ते कुकरला लावत, आलं-लसूण, मिरी, हळद आणि चार लवंगा टाकून. सहा शिट्ट्या. मी गोधडीत पडून त्या शिट्ट्या मोजायची, कारण सहावी शिट्टी म्हणजे उठायचं, तो पेला संपवायचा आणि मैदानावर जाऊन मार खायचा.

अण्णा फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून होते. दहा ते पाच शर्ट आत खोचलेला, खिशाला दोन पेनं, साहेबांसमोर मान खाली. पण सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेसहानंतर ते आमच्या परळच्या मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघाचे गुरुजी. तिथे त्यांच्यासमोर सगळ्यांच्या माना खाली. तरुणपणी ते स्वतः डावा कोपरा खेळायचे. चढाई करायला आलेल्या गड्याचा घोटा धरून त्याला उताणा पाडायचा, यात त्यांचा हात धरणारा लालबाग-परळमध्ये कोणी नव्हता, असं जुनी माणसं सांगायची. मुंबईच्या संघात मात्र त्यांचं नाव कधी लागलं नाही. का लागलं नाही याच्या चार वेगवेगळ्या हकिकती मी ऐकल्या, चारही त्यांच्याच तोंडून. पुढे गुडघा गेला. मग मी झाले. एकुलती, त्यात मुलगी. मी चालायला लागले त्या दिवशी अण्णांनी म्हणे माझा घोटा धरून बघितला.

बघा, इतक्या वर्षांनी लिहितेय तरी 'अण्णा म्हणायचे', 'अण्णा मारायचे' असंच येतंय हाताला. मारणाऱ्यालाही आम्ही अहो-जाहोच करत होतो.

आणि मारायचे म्हणजे खरंच मारायचे. त्यांच्याकडे उड्या मारायची दोरी होती, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. सरावाला पकड सुटली की पोटरीवर दोरी, दुसऱ्यांदा सुटली की मुठीकडची बाजू. मैदान म्हणजे दोन चाळींमधला मातीचा पट्टा, रोज पाणी मारून चोपलेला, तरी खडे वर यायचेच. आम्हा सगळ्या पोरींचे गुडघे आणि कोपर कायम सोललेले, खपली धरायला वेळच मिळत नसे. एकीचा दात पडला होता, एकीचं बोट वाकडं झालं ते वाकडंच राहिलं. कोणाच्या आईबापाने कधी तक्रार केली नाही. उलट म्हणायचे, गुरुजी, हाडं तेवढी ठेवा, बाकी तुमची. कारण खेळातून नोकरी लागायची. बँकेच्या, रेल्वेच्या संघात घ्यायचे मुलींना. मला ती नोकरी हवी होती ती कपाटासाठी किंवा साडीसाठी नाही. त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं, बस्स. त्यासाठी आधी मुंबईच्या संघात निवड व्हायला हवी होती. अण्णांनाही निवडच हवी होती, माझ्यापेक्षा जास्त हवी होती. एवढ्या एका गोष्टीवर आमचं बापलेकीचं एकमत होतं.

पायांचं शास्त्र अण्णांचं स्वतःचं. कोंबडी सगळा जन्म पायांवर, माती उकरत, म्हणजे सगळं बळ पायांत उतरतं. सूप गार झालं की त्याची थरथरती वडी पडायची, ती चमच्याने हलवून मला दाखवायचे. "हे बघ, चिकटतंय की नाय? हेच जाऊन सांध्यात बसतं. वंगण आहे हे, वंगण." पेला संपला की माझे ओठ एकमेकांना चिकटायचे. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, काय गं, डिंक प्यायलीस काय? परवा माझ्या नातीने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कोणी एक बाई त्याच पायांचं पाणी काचेच्या पेल्यात ओतून सांगत होती, त्वचेला चांगलं, सांध्यांना चांगलं, कोलॅजन आहे. नात म्हणाली, "आजी, तुझे बाबा काळाच्या पुढे होते." मला इतकी तिडीक आली, की मी उठून आत गेले.

रविवारी अण्णा मला कोंबडीवाल्याकडे बरोबर न्यायचे, पाय निवडायला. तो पिंजऱ्यात हात घालून पंख धरायचा, पक्षी एकदाच ओरडायचा, मान कापून तो निळ्या ड्रमात फेकला जायचा. आतून धडधड धडधड, पिंप हलेपर्यंत. अण्णा तेवढ्या वेळात त्याच्या मुलांची चौकशी करायचे. धडधड थांबली की तो बाहेर काढून पाय तोडायचा, ठाक, ठाक, आणि टोपलीत टाकायचा. बऱ्याचदा त्या टोपलीत एखादा पाय बोटं मिटायचा. "बघ, अजून जोर आहे," अण्णा म्हणायचे आणि तोच निवडायचे.

निवडीच्या आधी तीन-साडेतीन महिने सगळ्या मुलींना डॉक्टरकडून दाखला आणायला सांगितलं. आम्ही सातजणी अण्णांबरोबर जवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई जाडजूड, चष्मा कपाळावर, भयंकर घाईत. तिने माझी खालची पापणी ओढली आणि म्हणाली, "ही तर पांढरी फटक आहे. धाप लागते? डोळ्यांसमोर अंधारी?" मी अण्णांकडे बघितलं. लागायची. चढाईत दम टिकत नव्हता, पकड करताना बोटं आपोआप सैल पडायची. दोरीचे सगळे वळ त्याचेच होते.

"रक्त नाही हिच्यात. खायला काय देता?"

अण्णा छाती काढून म्हणाले, "पायांचं सूप. रोज. कोंबडीचे पाये."

बाई हसली. ती वाईट हसली नव्हती, पण हसली. "अहो, पायांत असतं काय? कातडी, शिरा, हाड. त्याने रक्त वाढत नाही. लाल मांस द्या, कलेजी द्या, पालेभाजी द्या." मग माझ्या मागे ट्रीझा उभी होती, तिची पापणी ओढून बघितली. ट्रीझा आमचा उजवा कोपरा. राहायची माझगावला, बाप गोदीत. तिकडे मुलींचा संघ नव्हता म्हणून बस पकडून आमच्याकडे खेळायला यायची. मांड्या ही एवढ्या, आणि हसली की गल्ली ऐकायची. "हिचं रक्त बघा. तू काय खातेस गं?" बाईंनी विचारलं.

"बीफ," ट्रीझा म्हणाली. तिला काय माहीत तिथे कोण काय ऐकतंय.

"झालं तर मग," बाई अण्णांना म्हणाली, "बघा फरक," आणि पुढच्या मुलीकडे वळली. मला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

दवाखान्याच्या जिन्यात अण्णांनी माझ्या कानाखाली वाजवली. पुढच्या पायरीवर आणखी एक. बाई त्यांना सात पोरींसमोर हसली होती, आणि वर त्यांच्या पायांची तुलना कशाशी केली होती! आमच्या घरात त्याचं नावसुद्धा घेत नसत. बोलायची वेळच आली तर 'मोठ्याचं' म्हणायचं आणि लगेच विषय बदलायचा. गोळ्यांची पुडी त्यांनी गटारात टाकली. "ती कोण मला शिकवणार? कधी घोटा धरलाय कोणाचा?" दुसऱ्या दिवसापासून कुकरमध्ये चाराऐवजी दहा पाय पडले, आणि ट्रीझाशी सरावापुरतंच बोलायचं असा हुकूम सुटला. संघातून काढलं नाही तिला. उजवा कोपरा कुठून आणणार होते?

आठवड्याभरात मी सरावात कोसळले. पकडीला गेले आणि जमीनच वर आली. अण्णा त्या दिवशी कचेरीत अडकले होते म्हणून मी वाचले. ट्रीझाने मला उचलून नळावर नेलं, तोंडावर पाणी मारलं, आणि म्हणाली, "ए काडी, मरशील ना अशी. चल माझ्या घरी." मी म्हटलं, अण्णा मारतील. ती म्हणाली, "नाय गेलीस तरी मारतील. मग जेवून तरी मार खा."

तिचं घर चर्चच्या मागच्या चाळीत, लाकडी जिना, भिंतीवर येशूचा आल्तार, त्याच्याखाली शिलाई मशीन. गोदीतल्या बोटींचे भोंगे घरात ऐकू यायचे. तिच्या आईला आम्ही आंटी म्हणायचो. तिने एका शब्दाने काही विचारलं नाही. माझी पापणी स्वतःच ओढून बघितली, 'जेजू' म्हणाली आणि पाव कापायला घेतले. ताटलीत काळपट लाल तुकडे, व्हिनेगर आणि मिरचीच्या वासाचे, कांदा वितळलेला. मी ताटलीकडे बघत बसले. घशात आई, देवघर, संकष्टी, सगळं अडकलं होतं. "खा गो बाय," आंटी म्हणाली. "लाजतेस काय? नको तर अंडं देते." अंडं मागता आलं असतं. आज प्रामाणिकपणे लिहायचं तर मी अंडं मागितलं नाही, कारण मला ट्रीझासारखी मांडी हवी होती. मी एक तुकडा तोंडात टाकला. चावावं लागत होतं. दातांना काहीतरी लागत होतं. इतके महिने मी जे गिळत होते त्यात चावण्यासारखं काही नव्हतंच. मी तीन पाव खाल्ले आणि मग जिन्यात बसून रडले.

माझ्या मुलाने हे पान वाचलं तेव्हा तो म्हणाला, "आई, कशाला लिहितेस हे? दिवस कसे आहेत बघतेस ना? घरावर येतील लोक." मग जरा थांबून म्हणाला, "निदान म्हशीचं होतं असं तरी लिही." बहुतेक म्हशीचंच असेल रे बाबा. आंटीला कोणी विचारलं होतं? मी खाल्लं, पोटभर खाल्लं, आणि मला जे मारलं ते खाल्ल्यामुळे मारलं. हे गाळलं तर या प्रकरणात उरतं काय?

आठवड्यातून तीन-चार दिवस मी सराव संपला की मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून माझगावला जायची. परत येताना मूठभर बडीशेप चावायची, बोटाला पेस्ट लावून दात घासायची. पहिल्या दोन दिवसांतच आईच्या नाकाला कळलं. तिने माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "खंय जेवलंस गो?" मग आत गेली, डब्यातून दोन लवंगा काढून माझ्या हातात दिल्या. "ह्यो चावन आत ये." त्यानंतर रोज उंबऱ्याशी कोनाड्यात दोन लवंगा ठेवलेल्या असत. त्याबद्दल आम्ही मायलेकी एक अक्षर बोललो नाही.

दीड-दोन महिन्यांत फरक पडला. जिने चढताना छाती भरून येईनाशी झाली. बोटांत जोर आला, तो मलाच कळायचा. घोटा हातात आला की तो आता माझा, असं वाटायचं. समोरची पोरगी पडली की तिचं डोकं मातीवर आपटल्याचा आवाज यायचा आणि, खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा. पुढे बँकेच्या संघात असताना मी आहाराची पुस्तकं वाचली तेव्हा समजलं, की डॉक्टरीणबाईंचं खरं होतं. पायांत प्रथिन असतं, पण ते अर्धवट. स्नायू बांधायला लागतात ते सगळे घटक त्यात नसतात, लोह तर नावालाच. लाल मांसात प्रथिनही पुरं, लोहही अंगाला लागणारं. वंगण आणि इंधन यातला फरक म्हणा. पण वंगणाशिवाय कोणी मरत नाही, इंधनाशिवाय मी मातीत पडले होते.

अण्णांना फरक दिसला आणि ते आनंदाने वेडे झाले. दहा पाय! दहा पायांची कमाल! सगळ्या मुलींच्या आयांना त्यांनी पाये सुरू करायला लावले. सकाळी आमच्या लाइनीत चार-चार कुकर एकाच वासाचे. पोरी मला शिव्या द्यायच्या. आणि अण्णा त्या महिन्यांत माझ्याशी बोलायचे. चक्क बोलायचे. पेला देताना डोक्यावर हात ठेवायचे. एकदा म्हणाले, "शुभे, तुझं नाव लागलं ना, की माझा गुडघा बरा झाला समज." मी तो पेला पटकन संपवला. कोलमडून सगळं सांगून टाकेन असं वाटलं होतं, म्हणून.

निवड रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा सराव. ट्रीझाची एक पकड उशिरा गेली, चढाईवाली निसटली. अण्णांनी दोरीची मुठीकडची बाजू तिच्या पोटरीवर हाणली. ती खाली बसली तशी दुसऱ्यांदा हाणली. "गाई खाऊन नुसती चरबी चढलीय," अण्णा ओरडले. "ही बघ शुभी. पायांवर वाढलीय. पायांवर! आणि ती डॉक्टरीण मला हसते."

ट्रीझा पोटरी धरून उठली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज अगदी साधा होता. "अंकल, तुमची शुभी तीन महिने आमच्या घरी जेवते. माझी आई घालते तिला. मी खाते तेच."

मी नाही म्हणायला हवं होतं. अण्णा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं, की मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी ते खरं मानलं असतं. मी ट्रीझाच्या पोटरीकडे बघितलं. वळ फुगत होता. मी नाही म्हटलं नाही.

"चल घरी," अण्णा म्हणाले. रस्त्यात त्यांनी ओळखीच्यांना नमस्कार सुद्धा केला.

खोलीत आल्यावर त्यांनी दाराला कडी घातली आणि दोरी दुहेरी केली. पाठ, खांदे, मांड्या, जिथे लागेल तिथे. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, मग गुडघ्यांवर, मग कोपऱ्यात भांड्यांच्या मांडणीला अंग लावून. भांडी पडत होती. ते काय बोलत होते ते सलग आठवत नाही. "माझ्या हाताने सोलून दिले," एवढं पुन्हा पुन्हा येत होतं. "माझ्या हाताने. पहाटे उठून. माझ्या हाताने." रडत होते की काय कोण जाणे, आवाज तसा होता. दोरीच्या मुठीने माझी भुवई फुटली आणि डाव्या डोळ्यात रक्त आलं.

आई मध्ये पडली. तिच्या हातात पळी होती, तीही तिने उगारली नव्हती, नुसती हातात राहिली होती. "बास करा. मेलां ता चेडू." अण्णांनी तिला ढकललं, ती मोरीपाशी पडली. "तुला माहीत होतं," ते म्हणाले. आई नाही म्हणाली नाही. त्या दिवशी आम्ही दोघीही नाही म्हणायचं विसरलो होतो. मग अण्णांनी तिला लाथ मारायला पाय मागे घेतला.

तो पाय मला दिसला. रक्त डोळ्यात होतं, पण माझ्यासारख्या डावा कोपरा खेळणाऱ्या माणसाला समोरचा पाय उठतो तो दिसतोच. मी विचार केला नाही. खालून सरपटत गेले, डोकं आत, दोन्ही हातांची कैची घोट्यावर, खांदा त्यांच्या मांडीत, आणि वर ओढलं. त्यांनीच शिकवलेलं, तसंच्या तसं. दुसरा पाय मोरीच्या कट्ट्याच्या कडेत अडकला आणि अण्णा सगळ्या वजनानिशी त्याच्यावर पडले. कच असा आवाज झाला. पहाटे नखं कापताना यायचा तोच, मोठा.

अण्णा ओरडले. मी घोटा सोडला नाही. शिट्टी वाजेपर्यंत पकड सोडायची नाही, हे त्यांनी माझ्या अंगावर वळ उठवून शिकवलं होतं. मी धरून ठेवला, आणखी आवळला, आणि मला सुख झालं. आयुष्यात तसं सुख फार वेळा झालेलं नाही. शेवटी आईने माझी बोटं एकेक करून उघडली. "सोड गो आता. सोड. मोडलो तो."

शेजाऱ्यांना सांगितलं, मोरीत घसरले. माझ्या भुवईकडे बघून कोणी काही विचारलं नाही. जवळच्या इस्पितळात पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घातलं.

रविवारी मी निवडीला गेले. पाठीचे वळ टी-शर्टला चिकटले होते. पाच पकडी केल्या, पाचही घोट्याच्या. फेरतपासणीसाठी तीच डॉक्टरीणबाई आली होती. तिने पापणी ओढली आणि खूश होऊन म्हणाली, "छान. कलेजी खाल्लीस ना?" मी हो म्हटलं. संध्याकाळी नावं वाचली, त्यात माझं होतं. ट्रीझाचं नव्हतं. तिची पोटरी सुजून टम्म झाली होती, ती धड उभी राहू शकत नव्हती. ती माझ्या गळ्यात पडली, हसली, आणि त्यानंतर ती कबड्डी खेळली नाही. अण्णांच्या दोरीचा शेवटचा हिशेब तिच्या पायावर झाला होता आणि नाव माझं लागलं होतं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं. इस्पितळातून अण्णांना घरी सोडताना डॉक्टरने मला एक कागद दिला आणि वाचूनही दाखवला. रोज दोन अंडी, मासळी, मटण, दूध, डाळ. आणि खाली रेघ ओढून: नुसत्या सुपावर ठेवू नका, हाड जुळायला वेळ लागेल. अण्णा खाटेवर पडल्यापडल्या पहिल्याच दिवशी म्हणाले, "पाये आणा. पायाला पायच." मी कागद कोनाड्यात ठेवला, लवंगांच्या जागी. आईला वाचता येत नव्हतं, पण डॉक्टरचं बोलणं तिनेही ऐकलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेंका आवडता ना? मग तांच घाल."

मी घातलं. पहाटे पाचला मोरीवर बसून मी पाय सोलले, कातडी अख्खी काढली, नखं कापली. सकाळी पेला, संध्याकाळी पेला, भाताबरोबर तेच पाणी. मासळी आणि अंडी आम्ही दोघी अण्णा झोपले की मागच्या बाजूला बसून खायचो. ते एका शब्दाने दुसरं काही मागत नव्हते. दीड महिन्यांनी प्लास्टर कापलं तर हाड धड जुळलंच नव्हतं. पुन्हा प्लास्टर, पुन्हा पेले. चार महिन्यांनी अण्णा उभे राहिले तेव्हा तो पाय तिरका पडत होता आणि जन्मभर तिरकाच पडला. हाड वयामुळे तसं जुळलं असेल, पडण्यामुळे असेल, मला माहीत नाही. मी काय घातलं आणि काय लपवलं ते मात्र मला माहीत आहे.

पुढे बँकेत नोकरी लागली, त्या खोलीतून मी बाहेर पडले. अण्णा माझ्या सामन्यांना काठी टेकत यायचे. दोरी त्यांनी त्यानंतर कधी हातात घेतली नाही. शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "ती डावा कोपरा आहे ना, माझी मुलगी. मी पडलो तेव्हा चार महिने स्वतःच्या हाताने पाये सोलून पाजले तिने. तिनेच उभा केला मला." लोक माझ्याकडे कौतुकाने बघत. तो तिरका पाय दिसला की माझी झोप उडायची, आणि कौतुक ऐकलं की मी तिथून निघून जायची.

आई गेल्यावर अण्णांना मी वडाळ्याला माझ्याकडे आणलं. ते जायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघंच. ते खिडकीशी बसून तिरक्या पायाला तेल लावत होते. एकदम म्हणाले, "शुभे, तो इस्पितळाचा कागद तू कोनाड्यात ठेवला होतास ना?"

मी म्हटलं, "कुठला कागद?"

"काठीने सरकवून काढला होता मी. तुम्ही दोघी पाण्याला गेला होतात. वाचला आणि परत ठेवला. दोन अंडी लिहिली होती."

"मग मागितली का नाहीत?" माझा आवाज चढला. मला इतका संताप आला होता, स्वतःचा, त्यांचा, आईचा, की मी उभीच राहिले. "अण्णा, चार महिने! बोलला का नाहीत?"

ते तेल लावत राहिले. "अंडं मागितलं असतं तर ती डॉक्टरीण खरी ठरली असती," ते म्हणाले. "आणि तू देत नव्हतीस. म्हणजे तुला द्यायचं नव्हतं. मी कुठल्या तोंडाने मागू?"

मी स्वयंपाकघरात गेले. काय करावं ते कळेना, म्हणून पातेलं चढवलं आणि दोन अंडी उकडली. सोलताना टरफलाबरोबर पांढरंही निघून आलं. ताटलीत ठेवून त्यांच्यासमोर नेली. अण्णांनी मीठ मागितलं. एक अंडं उचललं, दुसरं बोटाने माझ्याकडे सरकवलं.

"तू खा एक," ते म्हणाले. "तुझं रक्त कमी होतं."